मीटरचं सील ‘मी पाहून घेतो’ म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

आलेलं पत्र थोडं आखडून देतोय:

“नमस्कार दादा. आमचं घर नागपुरात मानेवाडा रोडच्या आतल्या बाजूला, १९९४ चं बांधकाम. खाली मी आणि हे, वर भाडेकरू, मीटर दोन आहेत. आमच्या बिलावर मंजूर भार २ किलोवॅट लिहिलाय. यंदा दोन एसी घ्यायचं ठरलंय, इंडक्शन पण आणलं. मागच्या आठवड्यात पोर्चमधल्या मीटरच्या पेटीजवळ जळका वास आला, हात लावला तर पेटी गरम. ओळखीच्या इलेक्ट्रिशियन मुलाला बोलावलं, तो म्हणे काकू टेन्शन नका घेऊ, मीटरमधून जाड वायर डायरेक्ट टाकून देतो, सीलचं मी पाहून घेतो, भार वाढवायला टेस्ट रिपोर्ट लागला तर सही ५०० रुपयात आणून देतो, सगळं मिळून ४,०००. दुसरे एक लायसनवाले कॉन्ट्रॅक्टर आले, त्यांनी तासभर घर पाहिलं आणि २६,००० सांगितले. शेजारी म्हणतात वायर कोणीही टाकली तरी करंट तोच. मुलगा पुण्याहून म्हणतो लायसनवालाच कर. खरंच लागतो का हो? आणि लायसन खरं की खोटं मला कसं कळणार? तो मुलगा दहा वर्षांपासून घरी येतो, त्याला वाईट वाटेल तेही आहेच. — एक निवृत्त शिक्षिका”

ताई, एसीचं आणि लायसनचं नंतर बोलू, आधी त्या जळक्या वासाचं. तुमचं पत्र वाचल्यापासून मला त्या पेटीचीच काळजी लागून राहिली आहे. हे वाचून झालं की लगेच १९१२ ला फोन लावा, तो नाही लागला तर १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५, हे महावितरणचे टोल फ्री नंबर आहेत. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक जवळ ठेवा आणि स्पष्ट सांगा की मीटर गरम होऊन राहिलंय आणि जळका वास येतो, ‘लाइटचा प्रॉब्लेम आहे’ एवढंच म्हटलं की तक्रार साध्या रांगेत जाते. तक्रारीचा नंबर लिहून घ्या. माणूस येईपर्यंत गीझर, इंडक्शन, पाण्याची मोटार यातलं एका वेळी एकच चालवा, जमलं तर तेही नको, आणि पेटीला परत हात लावू नका. धूर दिसला तर पाणी टाकायचं नाही, सगळ्यांनी लांब व्हायचं, वरच्या भाडेकरूंना खाली बोलवायचं आणि १०१ ला फोन करायचा.

आता हा वास येतो कशामुळे ते सांगतो, कारण त्यातच तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं उत्तर आहे. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर बहुतेक घरांना अॅल्युमिनियमची असते, ती मीटरच्या टर्मिनलमध्ये स्क्रूने दाबलेली असते. अॅल्युमिनियम मऊ धातू, दाबाखाली हळूहळू दबत जातो, उन्हाळ्यात तापतो रात्री थंड होतो, अशी वीस-तीस वर्षं गेली की स्क्रू ढिला पडतो, टोकावर काळपट थर धरतो आणि तिथे रेझिस्टन्स वाढतो. वीज जाते पण अडखळत जाते, आणि जिथे अडखळते तिथे उष्णता. त्यात हिशोब असा आहे की करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. तुमचा मंजूर भार २ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला साधारण ९ अँपिअर. आता मे महिन्यातली तुमच्या घरची दुपार धरा: दीड टनाचे दोन एसी मिळून ३.२ किलोवॅट, इंडक्शन २, एक एचपीची मोटार १, आणि फ्रिज, पंखे, टीव्ही, लाइट मिळून ०.८. झाले ७ किलोवॅट, म्हणजे ३० अँपिअर. करंट साडेतीन पट, त्या ढिल्या स्क्रूवरची उष्णता बारा पट. आज एसी नसतानाच पेटी हाताला गरम लागते, पुढचं तुम्हीच समजा, ताई. तो इलेक्ट्रिशियन मुलगा म्हणतो तशी पुढे कितीही जाड वायर टाकली तरी हा स्क्रू तिथेच राहणार.

आणि हा स्क्रू तुमचा नाही, तुमच्या त्या मुलाचा नाही आणि त्या लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचाही नाही. हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून जरा लांबण लावतो. खांबापासून मीटरपर्यंतची वायर, कटआउट म्हणजे कंपनीचा फ्यूज, मीटर आणि त्यावरची सीलं हे सगळं महावितरणच्या ताब्यातलं. मीटरमधून बाहेर निघून तुमच्या मेन स्विचकडे जाणाऱ्या वायरपासून पुढे सगळं तुमचं. पण ही तुमची वायर बदलायची तरी मीटरचं खालचं टर्मिनल कव्हर उघडावं लागतं, आणि त्यालाही सील असतं. म्हणून मीटरपाशी जे काही करायचं त्याला कंपनीचा लाइनमन, ज्यांना आता जनमित्र म्हणतात, तो हजर पाहिजे, त्याने सील काढायचं, काम झालं की त्यानेच नवीन लावायचं. दुसरी गोष्ट, मेन स्विच बंद केला तरी मीटरपासून मेन स्विचपर्यंतचा तुकडा जिवंतच असतो, तो बंद करायचा तर मागून, कंपनीच्या बाजूने बंद करावा लागतो. ‘डायरेक्ट टाकून देतो’ म्हणणारा पोरगा हे काम चालू लाइनवर, पोर्चमधल्या लोखंडी स्टुलावर उभं राहून करणार आहे. तुमच्या घराआधी त्याच्या जिवाचा विचार करा.

‘सीलचं मी पाहून घेतो’ याचा कायद्यात अर्थ काय होतो तेही सांगतो. २००३ च्या विद्युत कायद्यात कलम १३८ आहे, परवानगीशिवाय मीटर जोडणं, कंपनीच्या लाइनला आपली वायर जोडणं, मीटरशी मुद्दाम छेडछाड करणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि वीजचोरीचा संशय आला तर कलम १३५ वेगळं. चोरीचा तुमच्या मनात विचारही नाही हे मला कळतं, पण तुटलेलं सील पाहणाऱ्याला तुमचं मन दिसत नाही, त्याला सील दिसतं. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर तर कव्हर उघडल्याची नोंद तारीख-वेळेसकट आत ठेवतात. तो मुलगा चार हजार घेऊन निघून जाईल, कनेक्शन तुमच्या नावावर आहे, पंचनामा तुमच्या पोर्चमध्ये होईल. सील कधीही, कोणाच्याही भरवशावर तोडू द्यायचं नाही. आधीच तुटलेलं दिसलं तर आपणहून लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची.

आता मुख्य प्रश्न, लायसनवाला खरंच लागतो का. हो, लागतो, आणि तुमच्या कामाला तर शंभर टक्के लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, २०१० चे होते, आता २०२३ चे आले, आणि त्याही आधी १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून ही अट आहे: ग्राहकाच्या जागेत वायरिंगचं नवीन काम, वाढ, बदल, दुरुस्ती ही राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करायची, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीत, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे पण परमिट पाहिजे. म्हणजे बघा, कागद तीन आहेत आणि माणसं पण तीन असू शकतात. लोक एकच लायसन समजतात. सूट आहे ती दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरातली उपकरणं यांची अदलाबदल करायला, तीही वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर. म्हणजे तुमच्या त्या मुलाने दहा वर्षांत पंखे लावले, होल्डर बदलले, त्यात काहीच चुकलं नाही. पण मेनची वायर जाड करणं, दोन एसीच्या नवीन लाइन टाकणं, भार २ वरून ७ वर नेणं, हे सूटमध्ये बसत नाही.

शेजारी म्हणतात करंट तोच. करंट तोच असतो हो, पण तो कुठल्या वाटेने जातो ते वायर टाकणारा ठरवतो. तुमचं घर मी पाहिलेलं नाही, पण त्या काळातली त्या भागातली घरं मी खूप पाहिली, त्यावरून सांगतो तुमच्याकडे काय निघण्याची शक्यता आहे. मेनला पांढरे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील, दोन, एक फेजचा म्हणजे करंट आणणाऱ्या वायरचा आणि एक न्यूट्रलचा म्हणजे परत नेणाऱ्या वायरचा. हा न्यूट्रलमधला फ्यूज फार वाईट. तो उडाला की घरातले लाइट बंद होतात, आपण समजतो लाइट गेली, पण फेज तसाच घरभर जिवंत असतो आणि कोणी निर्धास्तपणे होल्डरमध्ये बोट घालतो. न्यूट्रल एकट्याने तोडायचा नसतो, तोडायचा तर फेजसोबत एकाच दांड्याने, म्हणून डबल पोल स्विच लागतो. त्या किटकॅटमध्ये फ्यूजची बारीक तार असायला पाहिजे तिथे कोणीतरी वायरच्या चार-पाच तारा पिळून घातलेल्या असतील कारण ‘सारखा उडत होता’. म्हणजे तुमच्या घरात आज ओव्हरलोडला थांबवणारं काहीच नसू शकतं, आणि अडीच चौरस मिलिमीटरची मेन वायर तापत तापत भिंतीच्या आत बसलेली असते. तिसरं, वर भाडेकरू आणि खाली तुम्ही, मीटर दोन, पण जिन्याच्या लाइटचा नाहीतर मोटारीचा न्यूट्रल कुठेतरी दुसऱ्या मीटरचा उसना घेतलेला असतो. साध्या वापरात ते कळत नाही. ज्या दिवशी आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावाल त्या दिवशी ती सारखी ट्रिप होईल, कारण तिचं कामच आहे फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला का ते मोजायचं. मग न शिकलेला मेकॅनिक काय करतो, आरसीसीबीच काढून टाकतो आणि म्हणतो माल खराब होता. शिकलेला माणूस दोन दिवस घालवतो आणि तो उसना न्यूट्रल शोधून काढतो. त्या तासभर घर पाहणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने जास्त पैसे सांगितले त्यात हे असण्याची शक्यता आहे, विचारून घ्या.

अर्थिंगवर मी थोडा जास्तच बोलतो, माझ्या घरचे पण कंटाळतात, पण नागपुरात राहून कूलर लावणाऱ्या माणसाला हे सांगितलंच पाहिजे. दरवर्षी उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलं जातात. लोखंडी बॉडी, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी, अनवाणी पाय. पंपाची वायर कुठे सोलली गेली की सगळी बॉडी जिवंत होते. अर्थिंग ठीक असेल तर तो करंट जमिनीत जातो आणि आरसीसीबी क्षणात लाइन तोडते, घरगुती जोडणीला ती ३० मिलिअँपिअरवर तुटणारी पाहिजे. अर्थिंग नसेल तर तो करंट वाट बघत बसतो, जो हात लावेल त्याच्यातून जातो. आणि आपल्याकडे काळी माती बऱ्याच ठिकाणी आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. १९९४ ला अंगणात पाइप पुरून मीठ-कोळसा टाकला असेल, पण एप्रिल-मेमध्ये पाइपच्या भोवतीची माती सुकून सुटते, रेझिस्टन्स चढतो, म्हणजे ज्या महिन्यात कूलर चालतो नेमक्या त्याच महिन्यात अर्थिंग सगळ्यात कमजोर. खड्डा कुठे आहे ते तरी माहीत आहे का घरात कोणाला? बऱ्याच घरांत त्यावर फरशी बसलेली असते. शोधा, उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहा, आणि कॉन्ट्रॅक्टरला अर्थ टेस्टरने मोजायला लावा, आकडा कागदावर लिहून घ्या. आणि ताई, काम होईपर्यंत कूलरमध्ये पाणी भरायचं तर प्लग काढूनच, स्विच बंद केला म्हणून चालत नाही.

आता त्या ५०० रुपयांच्या सहीबद्दल. भार वाढवायचा अर्ज केला की परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्या रिपोर्टचा अर्थ असा की मी या घरात गेलो, वायरिंग तपासलं, मेगर नावाच्या यंत्राने वायरचं इन्सुलेशन मोजलं, अर्थिंग मोजलं, आणि हे घर एवढा भार घ्यायला ठीक आहे. मेगरने ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट लावून प्रत्येक फेज वायर आणि अर्थ यांच्यात कमीत कमी १ मेगाओहम यायला पाहिजे असं नियमात आहे. हे सगळं न करता नुसती सही-शिक्का मारलेला कागद बाजारात मिळतो हे मी नाकारत नाही.

मी स्वतः एकदा तसं केलंय. सुरुवातीची वर्षं होती, सर्टिफिकेट नवीन होतं, ज्या दुकानातून मी सामान घ्यायचो त्या दुकानदाराने एका घराचा रिपोर्ट पुढे केला, म्हणे आपलीच माणसं आहेत, वायरिंग नवीन आहे, करून दे. मी केली सही. दोन-अडीच महिन्यांनी त्याच घरी दुसऱ्या कामासाठी गेलो, बोर्ड उघडला तर हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर कापून आत दुमडून ठेवलेली. दुसरा बोर्ड उघडला, तिथेही तेच. पूर्ण घरात तीन पिनांचे सॉकेट आणि तिसरी पिन कुठेच जोडलेली नाही, अंगणात अर्थिंगचा खड्डाच नाही. हॉलमध्ये लोखंडी कूलर चालू होता आणि एक पोरगी त्याच्यासमोर बसून अभ्यास करत होती. त्या घरात कोणाला काही झालं नाही. मी दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन गेलो, खड्डा खणला, हिरवी वायर ओढली, पैसे घेतले नाहीत. पण रिपोर्टवर माझी सही होती, आणि त्या पोरीच्या आईने त्या सहीवर विश्वास ठेवून कूलर लावला होता. ते डोक्यातून जात नाही. तेव्हापासून न पाहिलेल्या घरावर मी सही केली नाही, आणि तुम्हालाही हात जोडून सांगतो, जो माणूस तुमच्या घरात आला नाही त्याची सही घेऊ नका, पन्नास रुपयात मिळाली तरी नाही. लायसन कोणाकडे आहे यापेक्षा मी आधी हे विचारतो की सही करणारा घरात आला होता का. काहींचं लायसन खरं असतं आणि काम भलताच माणूस करतो, तेही होतं.

तुम्हाला कसं कळणार, विचारलंत. कॉन्ट्रॅक्टरला घरी बोलवा आणि सरळ सांगा, ‘भाऊ, तुमच्या लायसनची झेरॉक्स द्या, सुपरवायझर कोण आहे ते सांगा, आणि जो पोरगा भिंतीवर काम करणार त्याचं परमिट दाखवा.’ चांगला माणूस याने रागावत नाही, मी तर खूश व्हायचो, कोणीतरी विचारलं म्हणून. लायसनवर नाव आणि नंबर बघा, मुदत कुठपर्यंत आहे ते बघा, मुदत संपलेलं लायसन दाखवणारे भरपूर आहेत. परमिटवरचं नाव आणि समोरचा माणूस एकच आहे का ते बघा, तुम्ही शिक्षिका होता, हजेरी घेतल्यासारखं बघा. शंका आली तर नागपुरात विद्युत निरीक्षकांचं कार्यालय आहे, परवाने या विभागाच्या अखत्यारीत येतात, तिथे झेरॉक्स घेऊन कोणी घरचं माणूस जाऊन विचारू शकतं. मुलगा पुण्यात आहे म्हणून अडून राहू नका, साहेबांना पाठवा. आणि बिल घ्या, त्यावर लायसन नंबर लिहिलेला पाहिजे. बिल नको थोडं कमी करून देतो असं कोणी म्हटलं की पुढे तक्रार करायची जागाच राहत नाही.

एक छोटी परीक्षा पण सांगतो, ही माझी स्वतःची आहे. कॉन्ट्रॅक्टर आल्यावर सगळ्यात आधी तो काय विचारतो ते बघा. ‘कुठली कंपनीची वायर टाकू’ इथून सुरुवात केली तर तो माल विकून राहिला आहे. ‘बिल दाखवा, घरात काय काय चालतं सांगा, अर्थिंग कुठे आहे’ असं विचारलं, आणि मग टाँग टेस्टर लावून चालू करंट मोजला, तर तो काम जाणतो. तुमच्याकडे तासभर घर पाहणारा माणूस मला या दुसऱ्या जातीचा वाटून राहिला आहे, पण २६,००० मध्ये काय काय आहे ते लेखी मागा. मेन किती चौरस एमएमची, एसीला स्वतंत्र चार चौरस एमएमची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे का, डीबीमध्ये म्हणजे मुख्य बोर्डात आरसीसीबी आहे का, वरच्या मजल्याचा न्यूट्रल वेगळा करून देणार का, अर्थिंग नवीन की जुनंच, मेगरचे आणि अर्थिंगचे आकडे रिपोर्टवर लिहून देणार का. जास्त वाटलं तर दुसऱ्या परवानाधारकाकडून याच यादीवर कोटेशन घ्या. ४,००० आणि २६,००० ची तुलना होत नाही, कारण ती दोन वेगळी कामं आहेत.

सिंगल फेज की थ्री फेज हा प्रश्न तुमच्यासमोर येणारच. सिंगल फेजला साधारण ४० अँपिअरपर्यंत सप्लाय मिळतो. तुमची दुपार ३० ची झाली, त्यात २ किलोवॅटचा गीझर आणि कूलर धरले की ४० च्या दारात जाता. पण एसी आणि गीझर एकाच वेळी चालवायची वेळ नागपुरात फारशी येत नाही, म्हणून मला वाटतं तुमचं सिंगल फेजवर भागेल, कॉन्ट्रॅक्टरने मोजून सांगू दे. थ्री फेज घेतलं की महिन्याचा स्थिर आकार जास्त बसतो, एसी वापरा नाहीतर नका वापरू. आणि थ्री फेजमध्ये न्यूट्रल ढिला झाला तर एखाद्या फेजवर २३० च्या जागी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट चढतात आणि फ्रिज-टीव्ही एका झटक्यात जातात, म्हणजे तिथे पक्क्या कामाची गरज अजूनच जास्त. पुढे छतावर सोलर लावायचा विचार असेल तर तो आत्ताच कॉन्ट्रॅक्टरला सांगा, मेन बोर्डात जागा ठेवता येते, परत तोडफोड नको.

क्रम असा ठेवा. आज तक्रार, तो गरम सांधा कंपनीकडून दुरुस्त. मग कॉन्ट्रॅक्टरकडून घरातलं काम आणि मोजणी. मग टेस्ट रिपोर्ट जोडून भार वाढवायचा अर्ज, महावितरणच्या वेबसाइटवरून किंवा अॅपवरून होतो, नाहीतर तुमच्या सब-डिव्हिजनच्या ऑफिसमध्ये ए-वन फॉर्म भरून. मग डिमांड, म्हणजे भरायच्या रकमेचा कागद येईल, ती रक्कम ऑनलाइन भरा नाहीतर काउंटरवर, पावती घ्या, कोणाच्या हातात रोख देऊ नका. मग गरजेप्रमाणे ते सर्व्हिस वायर, मीटर बदलतील. आणि मग एसी. मला माहीत आहे ऊन वाढून राहिलंय आणि दुकानात ऑफर चालू आहे, पण एसी आधी आणून लावला की सगळे म्हणतात चालवून तर बघू, आणि मग चालतच राहतो. एक उन्हाळ्याचा महिना कूलरवर काढावा लागला तरी काढा. वरच्या मीटरची पेटी पण त्याच वेळी बघून घ्या, ती त्याच वयाची आहे, भाडेकरूंनी काही सांगितलं नाही म्हणजे ठीक आहे असं नाही.

राहिला तुमचा तो मुलगा. त्याला वाईट वाटेल ही गोष्ट तुम्ही लिहिलीत ते मला आवडलं. त्याला टाळू नका, घरी बोलवून चहा द्या आणि सांगा की बाळा, मीटर आणि मेनचं काम मी परवानेवाल्याकडून करून घेते, पंखे, बोर्ड, होल्डर तुझ्याकडेच. त्याने आयटीआय केलंय का विचारा, श्रद्धानंद पेठेतल्या आयटीआयमधून नाहीतर कुठूनही, विजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्री (वायरमन) झाला असेल तर परमिटसाठी त्याला अर्ज करता येतो, बरीच पोरं फक्त कोणी सांगितलं नाही म्हणून करत नाहीत. आणि कॉन्ट्रॅक्टरला विचारून बघा की या पोराला दोन दिवस सोबत उभं राहून बघू देता का, मेगर कसा लावतात, न्यूट्रल कसा शोधतात. मी असतो तर हो म्हटलं असतं. जाताना त्याला एकच विचारा, आतापर्यंत किती घरांची सीलं त्याने ‘पाहून घेतली’, आणि त्या घरांची नावं त्याला आठवतात का. आठवत असतील तर एकेकाला त्यानेच सांगायला पाहिजे की १९१२ ला कळवा.